अख्खी गोळी

६ नोव्हेंबर, दुकानातून

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. घाबरू नकोस, हे पत्र वकिलाने लिहायला लावलेलं नाही. मी अजून कुठल्या वकिलाकडे गेलेली नाही. तूही गेला नसशील, कारण त्यासाठी आधी कुणाला तरी तोंडाने काहीतरी सांगावं लागतं, आणि तो तुझा प्रांत नाही.

बघ, आल्या आल्या टोमणा मारला. खोडत नाही. खोडलं तर काय खोडलं असेल याचाच विचार करत बसशील.

काल वन्सं दुकानात आल्या होत्या. तुझी बहीण मला दोन वर्षं रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाते, आणि काल सरळ काउंटरवर. खोकल्याचं औषध हवंय म्हणाल्या. खोकला कुणाला, तर आधी नवऱ्याला, मग विचारल्यावर मुलीला. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमच्या घरची रीतच आहे. मी आत बोलावून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, तर पाण्याचा घोट घेता घेताच रडायला लागल्या.

तुझं ऑपरेशन ठरलंय म्हणे. पुढच्या महिन्यात. मोठं आतडं काढायचं आणि पोटाला पिशवी लावायची. डॉक्टर आधी इंजेक्शनं देऊन बघू म्हणत होते, पण तूच हात जोडलेस की आता पुरे झालं, एकदाचं काढून टाका.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तो किती नेमाने औषध घेतो तुम्हाला माहीत नाही. आई स्वतःच्या हाताने देते. एक वेळ चुकत नाही. तरी रक्त पडायचं थांबत नाही, वजन उतरायचं थांबत नाही. गोळी लागूच पडली नाही त्याला."

ती गोळी माझ्या दुकानात दुसऱ्या फळीवर असते, डाव्या हाताला. रोज कुणी ना कुणी घेऊन जातं. ती सगळ्यांना लागू पडते असं मी म्हणणार नाही. काही जणांचा आजार तिला दाद देत नाही. तू त्यांच्यातला असशीलही. पण कुणी "लागू पडलं नाही" असं म्हटलं की मी आधी एकच विचारते, घेता कसं?

दोन वर्षांपूर्वी घर सोडून जाताना तू जे म्हणालास ते मला पाठ आहे. "मला घरात बायको हवी होती, कंपाउंडर नको होता." ठीक आहे. म्हणून बायको या नात्याने मी तुला काही विचारत नाही. तू जेवतोस का, झोपतोस का, कधी येणार आहेस, काही नाही. कंपाउंडर या नात्याने एवढंच विचारते, की ती गोळी तू कशी घेतोस? किती वाजता नव्हे. कशी?

उत्तर पाठव. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलंय, म्हणजे तेवढं निमित्त नको.

औषधवाली


१४ नोव्हेंबर, दुकानातून

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार. "गोळ्या वेळेवर घेतो. एकही चुकवत नाही. काळजी नसावी."

काळजी नसावी! आतडं काढायला निघालेला माणूस लिहितो, काळजी नसावी. मी तीनदा वाचलं आणि तीनदा संतापले. कशी घेतोस असं विचारलं होतं, तू घेतो एवढंच लिहिलंस. सर्व्हे खात्यात इतकी वर्षं काढलीस, कुणी शेताची हद्द विचारली तर "शेत आहे" असं उत्तर द्यायचास का?

बरं, तुझा राग कशाचा ते मला ठाऊक आहे. तुला वाटतं मी पुन्हा तेच सुरू केलं. पण माझंही ऐक. औषधवालीचा नवरा आजारी पडतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनच्या पलीकडच्या दुकानातून औषध आणतो, वर्षभर. आणि बायकोला ते कळतं कुणाकडून, तर होलसेलरच्या माल टाकणाऱ्या पोऱ्याकडून. "वहिनी, साहेब आमच्या त्या दुकानात नेहमी दिसतात, तुमच्याकडे माल संपतो का हो?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी घरी येऊन ओरडले. नंतरही ओरडले. स्वयंपाकघराच्या दारावर तुझ्या गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलं, तू ते फाडलंस, मी पुन्हा चिकटवलं. मग "आईला आता एकटं ठेवता येत नाही" म्हणून तू गेलास. लोकांना मीही तेच सांगते. तुझी आई मात्र तेव्हा विहिरीवरच्या रहाटासारखी ठणठणीत होती.

तुला माहीत नाही, पण मी दुकानात एक बदल केलाय. खोकी ठेवायचो तो कोपरा रिकामा केला, पडदा लावला, दोन खुर्च्या टाकल्या. ज्यांना काउंटरवर चारचौघांत विचारता येत नाही त्यांनी तिथे बसून विचारायचं. तुझ्यामुळे केलं असं समजू नकोस. जागा होती, केलं.

तिथे तुझ्याच आजाराची किती माणसं येतात म्हणून सांगू! एक शाळेतल्या बाई आहेत. बरं वाटलं की गोळ्या बंद करायच्या आणि मग वर्गातून पळत सुटायच्या. त्यांना दर वेळी नव्याने समजवावं लागतं की बरं वाटतंय ते गोळीमुळे, बंद केलीत की आजार पाहुण्यासारखा परत येणार आणि लवकर जाणार नाही. एक नवी सून आहे, सासरी कळू नये म्हणून गोळ्या शिलाईच्या डब्यात, बटणांखाली ठेवते. डबा कुणी हातात घेतला की त्या दिवशीची गोळी बुडाली. आम्ही दोघींनी बसून तिची जागा बदलली, वेळही बदलली. एकाला मागच्या बाजूने घ्यायचं औषध दिलं होतं, तो ते महिनाभर कपाटात ठेवून मला "संपलं" म्हणून सांगत होता. मी खोटं पकडलं तेव्हा तो लाजला, मग हसला, मग म्हणाला, "बाई, हे बायकोलाही सांगितलं नव्हतं." माझ्या डोळ्यांसमोर कोण आलं ते लिहीत नाही.

आणि एक बस ड्रायव्हर. त्याने गोळी सोडूनच दिली होती. का, तर म्हणे, "ती जशीच्या तशी बाहेर पडते, मग कशाला खाऊ?" त्याला मी सांगितलं ते तुलाही सांगते. या गोळीवर एक कवच असतं. पोटात ती उघडू नये, खाली आतड्यात जिथे जखमा आहेत तिथेच उघडावी, म्हणून. औषध तिथे सुटतं, आणि कधी कधी रिकामं टरफल तेवढं बाहेर पडतं. दिसलंच पाहिजे असं नाही, पण दिसलं तर घाबरायचं नसतं.

आता लाजू नकोस. गावातल्या एकूण एक संडासाचा नकाशा डोक्यात घेऊन फिरणारा माणूस तू, माझ्यापुढे कसली लाज? तुला असं टरफल कधी दिसलं का? त्यामुळे मनातून विश्वास उडाला आणि अधूनमधून गोळी टाकून देतोस का? तसं असेल तर मी ओरडणार नाही. पत्रात ओरडता येतही नाही.

उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

औषधवाली


२१ नोव्हेंबर, घरून

तू खरंच एका ओळीत दिलंस. "पावडरीला टरफल कुठून येणार?"

काउंटरवर तुझं पाकीट फोडलं, ही ओळ वाचली आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना खाली बसले. त्याला वाटलं कुणी गेलं. मी दुकान बंद करून घरी आले, म्हणून हे घरून लिहितेय.

तू हे चिडून लिहिलंस हे मला कळलं. कुचकट बोलायला म्हणून लिहिलंस आणि सगळं सांगून बसलास. आई गोळी कुटून देते. खलात. मधात कालवून. बरोबर ना?

किती वर्षं मी तुझ्याबरोबर राहिले! डोकं दुखलं तरी, ताप आला तरी तू गोळी घेऊन आत जायचास, मला वाटायचं पाणी आणायला जातो. आत चमच्याखाली चुरडत होतास! औषधांच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला आपला नवरा गोळी गिळू शकत नाही हे कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आधी हसले. खरंच, एकटी स्वयंपाकघरात उभी राहून हसले. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

तुझ्या लहानपणीची ती गोष्ट आईंनी मला एकदा सांगितली होती. तापात तुझ्या घशात गोळी अडकली, तू काळानिळा पडलास, त्यांनी तुला उलटं धरून पाठीत बुक्के मारले. तेव्हापासून त्यांनी तुला अख्खी गोळी कधी दिली नाही. मी ती गोष्ट ऐकून सोडून दिली. लहानपणीची गोष्ट म्हणून ऐकली, ती अजून चालू आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता नीट वाच. ही गोळी कुटली की तिचं कवच जातं. मग औषध वरच, पोटात आणि लहान आतड्यात, शोषलं जातं. तुझा आजार आहे खाली. तिथे पोचायचं ते फारच थोडं पोचलं. पाकिटावर लिहिलेलं असतं, फोडू नये, चघळू नये, पण ते मुंगीच्या अक्षरात, आणि तेही कोण वाचतं? डॉक्टरांनी तुला विचारलं असणार, गोळ्या घेता का? तू हो म्हणालास. खोटं नव्हतं. आई देत होत्या, तू घेत होतास, डॉक्टर विश्वास ठेवत होते, कुणाचंच काही चुकत नव्हतं आणि आतडं मात्र रक्त गाळत होतं.

मी असं म्हणत नाही की अख्खी घेतलीस की तू खडखडीत बरा होशील. कदाचित नाही होणार. इतक्या दिवसांत आजार पुढे गेला असेल, कदाचित इंजेक्शनं लागतील, कदाचित ऑपरेशनही खरंच लागेल. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. पण ज्यांनी "ही गोळी हरली" असं धरून तारीख दिली, त्यांना गोळी मैदानात उतरलीच नव्हती हे कळायला नको? एकदा काढलेलं आतडं काही माझ्या दुकानात बदलून मिळत नाही.

तर तू एवढंच करायचंस. डॉक्टरांकडे जा आणि सांग. आपल्या मनाने काही बंद करू नकोस, काही वाढवू नकोस. डॉक्टरांनी सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या अचानक अजिबात सोडू नकोस. आणि गिळण्याची काळजी करू नकोस, गिळता न येणारी माणसं तुला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत, त्यांत मिशीवालेही आहेत. मी शिकवते त्यांना. आधी साखरेचा दाणा, मग होमिओपॅथीची साबुदाण्याएवढी गोळी, मग हळूहळू मोठी. बाटलीला ओठ घट्ट लावायचे आणि पाणी ओढून घ्यायचं, गोळी पाण्याबरोबर आपसूक जाते. शिवाय याच औषधाचे बारीक दाणेही पुडीत मिळतात, डॉक्टर हो म्हणाले तर मी मागवते.

डॉक्टरांचा नंबर वन्संनी दिलाय, इथे टेबलावर आहे. मी उचलून फोन करू शकते. करत नाही. तुझं पोट, तुझं तोंड.

आईंना काय सांगायचं हे मात्र मला सुचत नाही. तो विचार करून डोकं शिणलं.

मी


२७ नोव्हेंबर, दुकानातून

या खेपेला चार पानं लिहिलीस. लग्न झाल्यापासून तू माझ्याशी एका वेळी इतकं बोलला नव्हतास. आणि बोलून बोलून काय, तर डॉक्टरांना सांगणार नाहीस.

तुझंच वाक्य तुला परत लिहून पाठवते, म्हणजे ते दुसऱ्याच्या अक्षरात कसं दिसतं ते बघशील. "आपल्याच हाताने पोराचं आतडं घालवलं हे आईला कळण्यापेक्षा गेलेलं आतडं परवडलं."

तुला काय वाटतं, मी हे वाचून विरघळेन? किती मोठं मन म्हणेन? मला तुझा गळा धरावासा वाटला. तू मरायला टेकला नाहीस, एवढ्यात हुतात्मा कशाला होतोस? आणि एक कळत नाही. आईंना कळू नये म्हणून पोट कापून घ्यायचं, मग त्या रोज तुझी ती पिशवी बघतील तेव्हा त्यांना काय सुख होणार आहे? त्या विचारतील, एवढं औषध देऊन असं का झालं? तू काय सांगशील? नशीब? तुझ्या घरात अळीमिळी गुपचिळी इतकी मुरली आहे की आता आतडं गेलं तरी तोंड उघडत नाही.

मी चिडून लिहितेय. पण तुझ्या त्या वाक्याने मला काल जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवते. कारण आईंचं तोंड मलाही दिसतं. तुला हाताने भरवल्याशिवाय त्या कधी स्वतः जेवल्या नाहीत. इकडे आड तिकडे विहीर आहे हे मला कळतं. पण दोन्हींत उडी तूच मारायची, आणि तीही

इथे थांबावं लागलं. फोन वाजला.

दुपार आहे. तासाभराने पुन्हा लिहायला बसलेय. फोन आईंचा होता.

"अगं, मी बोलतेय," म्हणाल्या. कालच बोलणं झालं असावं तशा. मी म्हटलं, "बोला ना आई." तर म्हणाल्या, "एक विचारायचं होतं तुला. गोळ्या बारीक करायचं काही यंत्र मिळतं का तुझ्याकडे? माझे हात आता धरतात. पूर्वी कशी पिठासारखी व्हायची, आता भरड राहते. मला वाटतं, भरड राहते म्हणूनच त्याच्या अंगी लागत नाही. आता ऑपरेशन होईपर्यंत निदान चार दिवस तरी नीट बारीक करून घालीन म्हणते."

ते यंत्र माझ्यासमोर काचेच्या कपाटात होतं. मी "नाही मिळत" म्हणू शकले असते. "मिळतं, पाठवते" असंही म्हणू शकले असते, आणि तुझं गुपित तुला लखलाभ झालं असतं. माझ्या तोंडून निघालं, "आई, ही गोळी कुटायचीच नसते."

"मग?"

"अख्खी गिळायची असते. कुटली की वरच विरघळते. खाली जखमेपर्यंत पोचत नाही."

तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो अजून, तो ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस..." मी त्यांना वाक्य संपवू दिलं नाही. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगणं आमचं काम होतं, आई. ज्याने गोळ्या दिल्या त्याचं, आणि माझंही."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. विचारलं, "त्याला माहीत आहे?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "हो. मी कळवलंय."

"कधी?"

"आठवडा होत आला."

पुन्हा नळ. मग आई म्हणाल्या, "आज सकाळी माझ्यासमोर बसून वाटी चाटूनपुसून खाल्ली त्याने. म्हणाला, आज छान बारीक झालीय."

मग म्हणाल्या, "गाढव आहे," आणि फोन ठेवला.

माझ्यावर तू काय चिडायचं ते चीड. तुझी परवानगी न घेता मी तुझं गुपित फोडलं, आणि औषधवालीने ते करायचं नसतं. पडद्यामागच्या त्या खुर्चीवर बसलेल्या कुणाचंही मी बाहेर काढलेलं नाही, काढणारही नाही. पण मला थेट त्या गोळीबद्दल विचारलं गेलं, आणि ज्यांच्या हाताने ती कुटली जाते त्यांनीच विचारलं. चुकीचं उत्तर देऊन मी काउंटरवर उभी राहू शकले नसते. आणि खरं सांगायचं तर मला तुझं आतडं हवंय. बायकोला हवंय म्हण, कंपाउंडरला हवंय म्हण, काय हवं ते म्हण.

फोन ठेवल्यापासून आईंनी ताटाला हात लावला नाही असं आत्ता वन्संनी कळवलं. तुला आवडलं नाही तरी त्यांच्याजवळ बैस. गुपचूप बसू नकोस, बोल.

मी


७ डिसेंबर, दुकानातून

दवाखान्यातलं मला वन्संनी सांगितलं. तू सांगितलं नसतंस.

तू म्हणे खुर्चीत मान खाली घालून बसला होतास आणि डॉक्टर ऑपरेशनचे कागद काढत होते. आईंनी पिशवीतून खल काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "हे बघा," म्हणाल्या, "ह्यात कुटून दिली मी त्याला. रोज. अख्खी कधीच दिली नाही. आता बोला." डॉक्टरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तुला विचारलं, खरं का? आणि तू, वन्सं म्हणाल्या, लहान मुलासारखी मान डोलावलीस.

डॉक्टर आईंना रागावले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "बरं झालं सांगितलंत, आजी," एवढंच म्हणाले. मग तुला पुन्हा तपासलं, रक्त काढलं, आणि तारीख पुढे ढकलली. काही आठवडे गोळी नीट घेऊन बघायची. मधे रक्त वाढलं, ताप आला, पोट फुगलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं. तरीही नाही जमलं तर इंजेक्शनं, आणि ऑपरेशन अजून कपाटात ठेवलंय, फेकून दिलेलं नाही. त्यांनी कसलीही हमी दिली नाही. मीही देत नाही. रात्री तुझ्या पोटात कळ येते तेव्हा ती अजून तशीच येते हे मला वन्संकडून कळतं.

दाण्यांच्या पुड्या मी मागवल्यात. होलसेलरकडे नाहीत, यायला वेळ लागेल. तोपर्यंत ही मोठी गोळीच.

यानंतरचं तुझ्या बाजूचं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूला काय झालं ते लिहिते.

परवा आईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला. म्हणाल्या, "सकाळी उठते आणि कट्ट्याशी जाऊन उभी राहते गं. करायला काहीच नसतं. इतकी वर्षं तेवढं एक तरी माझ्या हातात होतं. आता मी त्याच्यासाठी काय करू?" मी दिवसभर लोकांना सांगत असते, हे करा, ते करू नका. आईंनाही एक काम दिलं. म्हटलं, "आई, त्याला भीती वाटते. तुम्ही समोर बसा. बाटली तुम्ही धरा. साखरेच्या दाण्यापासून सुरू करा, आणि तो कितीही नाटकं करू दे, उठू नका."

"नाटकं करतोच तो," म्हणाल्या. आवाज जरा वर आला.

आज सकाळी दुकानात गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ, एक बाळ घेतलेली बाई, तो बस ड्रायव्हर. फोन वाजला, मी खांद्याने कानाशी धरला आणि हाताने गोळ्यांची पट्टी कापत होते. आईंचा आवाज इतका मोठा की ड्रायव्हरलाही ऐकू गेला. "गेली! अगं गेली! अख्खी गेली!"

म्हातारे गृहस्थ एकदम टोपी काढून उभे राहिले. त्यांना वाटलं कुणीतरी वारलं. आणि मी, अर्ध्या शतकाला टेकलेल्या माणसाने एक गोळी गिळली म्हणून, हातात कात्री धरून चार गिऱ्हाइकांसमोर रडायला लागले. बाळवाल्या बाईने मला तिचा रुमाल दिला. तो बाळाचा होता, ओला होता, मी तोंड पुसलं.

मग तिकडे खुडबुड झाली, आई "घे, घे, बोल" म्हणाल्या आणि तू आलास. दोन वर्षांनी तुझा आवाज. मला वाटलं होतं, तू आधी रागावशील, किंवा कशी आहेस वगैरे विचारशील, आणि त्यावर काय बोलायचं ते मी मनात कितीदा तरी जुळवून ठेवलं होतं.

तू म्हणालास, "अडकल्यासारखी वाटतेय."

मी म्हटलं, "अडकलेली नाही. पाणी पी अजून."

तू प्यायलास. मला घोट ऐकू आला. मग तू फोन ठेवेनास, आणि मीही ठेवला नाही. गर्दी उभी होती. ड्रायव्हरने सगळ्यांना हाताने थांबा म्हणून सांगितलं.

मग तू विचारलंस, "उद्या परत?"

"उद्या परत," मी म्हटलं. "परवाही. आणि बरं वाटायला लागलं तरी."